सुट्या पानांची पोथी

सोमवार, १७ ऑक्टोबर २०१६. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मुख्य डेटा-साठवण यंत्रणेतला एक घटक बिघडला. अशा यंत्रणा असा बिघाड सोसण्यासाठीच बांधलेल्या असतात. एक घटक गेला तरी उरलेले काम ओढतात, आणि इथेही सुरुवातीला तसेच झाले. तंत्रज्ञांनी बिघडलेला घटक बदलला. नवा घटक जोडला जात असताना यंत्रणेच्या फर्मवेअरमधला, म्हणजे तिच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधला, एक दोष उघडा पडला आणि सगळी साठवण कोसळली. अध्यापन, संशोधन आणि कार्यालयीन कामाच्या अनेक सेवा बंद पडल्या. काही पूर्ववत व्हायला आठवडे लागले. बॅकअप होते, पण काही प्रती त्याच यंत्रणेत ठेवलेल्या होत्या आणि चुंबकीय टेपवरच्या प्रती अपुऱ्या होत्या. काही विभागांचा डेटा कायमचा गेला.

अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण आज फक्त विद्यापीठांत आणि बँकांत नसते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या स्टुडिओत, सनदी लेखापालाच्या कचेरीत, सोनोग्राफी केंद्रात, छोट्या कारखान्यात चार किंवा आठ डिस्कची एक पेटी कोपऱ्यात गुणगुणत असते. 'एक डिस्क गेली तरी डेटा सुरक्षित' या एका वाक्यावर ती विकली गेलेली असते. हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. त्यातला अपुरा भाग एके दिवशी समोर येतो तेव्हा पुढच्या काही तासांत माणसे काय करतात, यावर सगळे ठरते. अशी यंत्रणा कोसळते तेव्हा डेटा बहुधा डिस्कवर जागच्या जागी असतो. हरवलेली असते ती त्याची मांडणी. मांडणी शोधून काढता येते. पण घाईघाईने जे पुसले गेले, ते कोणालाही परत आणता येत नाही.

शंभर डिस्क, तीनशे तास

१९८८ साली शिकागोच्या सिगमॉड परिषदेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएम ३३८० सारख्या अवाढव्य आणि महागड्या डिस्क लागत. दुसरीकडे, वैयक्तिक संगणकांसाठी १०० मेगाबाइटच्या छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात आल्या होत्या. या तिघांनी विचारले, की एका महागड्या डिस्कऐवजी अशा स्वस्त डिस्कचा ताफा का वापरू नये? एकच फाइल अनेक डिस्कवर वाटली तर सगळ्या डिस्क एकाच वेळी वाचतील आणि वेग कितीतरी वाढेल.

अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभर डिस्कच्या ताफ्यातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, बंद पडणार. म्हणून ताफ्यात थोडी जादा माहिती साठवायची. एखादी डिस्क गेली की त्या जादा माहितीच्या आधारे तिच्यावरचा मजकूर पुन्हा काढायचा. या रचनेला त्यांनी 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' असे नाव दिले आणि त्याची आद्याक्षरे जुळवून झालेला 'रेड' हा शब्द रूढ झाला. मूळ युक्ती त्याहून जुनी आहे. बिघडलेल्या साठवणीतला डेटा परत मिळवण्याच्या अशाच पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ साली मिळाले होते.

युक्ती शाळकरी मुलालाही समजेल इतकी साधी आहे. डेटाच्या तीन डिस्क आणि चौथी पडताळ्याची, असे धरू. तिन्हींच्या एकाच जागी अनुक्रमे १, १ आणि ० हे बिट आहेत. नियम असा, की चारही डिस्क मिळून एकांची संख्या सम असली पाहिजे. इथे एक दोनदा आला आहे, संख्या समच आहे, म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहायचे. आता दुसरी डिस्क जळाली. उरले १, ० आणि ०. एकांची संख्या विषम झाली, म्हणजे हरवलेला बिट १ होता. अब्जावधी बिटांसाठी हेच गणित केले की पूर्ण डिस्क पुन्हा तयार होते. या पडताळ्याला पॅरिटी म्हणतात आणि हे गणित ज्या क्रियेने होते तिला 'एक्सॉर' म्हणतात. पुढे हरवलेली मांडणी शोधतानाही हीच क्रिया कामी येते.

व्यवहारात पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवत नाहीत. रेड-५ मध्ये सगळ्या डिस्कवर एकाच जागी असलेल्या तुकड्यांची एक ओळ धरतात आणि पॅरिटी ओळीगणिक आळीपाळीने फिरते. पहिल्या ओळीत शेवटच्या डिस्कवर, दुसऱ्या ओळीत तिच्या आधीच्या डिस्कवर, अशी. रेड-६ मध्ये दोन वेगवेगळे पडताळे असतात. त्यातला दुसरा आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीच्या कुळातला आहे, आणि त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी डेटा तगतो. रेड-१ म्हणजे एका डिस्कची हुबेहूब जुळी. रेड-० मध्ये डेटा फक्त वाटलेला असतो, पडताळा अजिबात नसतो. तिथे एक डिस्क गेली की ताफा संपला.

एकीपाठोपाठ एक

या गणिताच्या मुळाशी एक गृहीतक आहे. एका डिस्कच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो, असे ते मानते. प्रत्यक्षात संबंध असतो. २००७ साली बियांका श्रोडर आणि रेडच्या मूळ निबंधाचे सहलेखक गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात हे प्रमाण साधारणपणे २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत होते. शिवाय बदललेल्या डिस्क काळात सारख्या विखुरलेल्या नव्हत्या, त्यांचे पुंजके होते. चार डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच उत्पादन-तुकडीतून येतात. एकाच पेटीत तीच उष्णता, तीच थरथर आणि विजेचे तेच झटके सोसतात. त्या जवळपास एकाच वेळी थकल्या तर नवल नाही.

याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे आले. एचपीई कंपनीने आपल्या काही सॉलिड-स्टेट ड्राइव्हमधला फर्मवेअरचा दोष जाहीर केला. हे ड्राइव्ह बरोबर ३२,७६८ तास चालले, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास झाले, की कायमचे बंद पडत. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, तेव्हा तास मोजणारा आकडा आपल्या मर्यादेबाहेर जात होता हे उघड आहे. एकाच दिवशी सुरू केलेले सगळे ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी जातील, आणि गेल्यावर त्यातला डेटा परत मिळणार नाही, असा इशारा कंपनीनेच दिला. अशा वेळी कितीही पडताळे असले तरी पडताळा करायला शिल्लक काहीच उरत नाही.

पण बहुतेक ताफे इतक्या नाट्यमय रीतीने जात नाहीत. एक डिस्क जाते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. पेटी बीप-बीप करत असेल तर कोणीतरी तो आवाज बंद करते. सूचनेची ई-मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असते. काम सुरळीत चालू राहते, कारण उरलेल्या डिस्क गणित करून हरवलेला भाग दर वेळी नव्याने काढून देत असतात. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते आणि तेव्हा सगळ्यांना कळते.

पहिला बिघाड वेळीच लक्षात आला तरी पुढचा टप्पा नाजूक असतो. नवी डिस्क घातली की यंत्रणा ती पुन्हा भरू लागते. याला रीबिल्ड म्हणतात. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरायची म्हटली तरी सुमारे २८ तास लागतात. त्या वेळी लोक कामही करत असतील तर कित्येक दिवस. त्या काळात उरलेली प्रत्येक जुनी डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचावी लागते. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फोल्डरखालचा खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा वाचता न येणारा छोटा कप्पा, नेमका तेव्हाच सापडतो. अशा दबून राहिलेल्या दोषांचा मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १५ लाख ३० हजार डिस्कच्या ३२ महिन्यांच्या नोंदी होत्या आणि ३.४५ टक्के डिस्कमध्ये असे सेक्टर आढळले. रेड-५ मध्ये एक डिस्क आधीच गेलेली असताना दुसरीवरचा एक सेक्टरही वाचता आला नाही, तर त्या ओळीचे गणित सुटत नाही. काही यंत्रणा तिथेच रीबिल्ड सोडून देतात.

घरगुती वापराची डिस्क ताफ्यात घातली असेल तर आणखी एक विचित्र प्रकार घडतो. खराब सेक्टर वाचण्यासाठी अशी डिस्क मिनिटभरसुद्धा धडपडत राहते. तेवढा वेळ उत्तर आले नाही की ताफा सांभाळणारा नियंत्रक तिला मृत समजून ताफ्याबाहेर काढतो. ताफ्यासाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत 'हा सेक्टर वाचता येत नाही' असे सांगून मोकळ्या होतात आणि तेवढा भाग पॅरिटीतून काढला जातो.

विजेचा प्रश्नही आहेच. ताफ्यावर काही लिहिताना डेटा आणि त्याचा पडताळा हे दोन्ही बदलावे लागतात. डेटा लिहून झाला आणि पडताळा लिहिण्याआधी वीज गेली, तर दोघांचा मेळ राहत नाही. तेव्हा काही बिघडल्याचे दिसत नाही. पुढे डिस्क गेली की त्या चुकीच्या पडताळ्यातून चुकीचा डेटा निघतो. चांगल्या नियंत्रकावर बॅटरी असते, ती याचसाठी. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी उभी केलेली झेडएफएस ही फाइलप्रणाली जुन्या जागेवर लिहीतच नाही. ती नव्या जागी पूर्ण लिहून मगच खूण बदलते, त्यामुळे हा धोका टळतो. ज्या गावांत दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे यूपीएसशिवाय ताफा चालवणे म्हणजे संकट ओढवून घेणेच आहे.

पहिला तास

ताफा कोसळल्यावर पहिल्या तासात करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि न करायच्या पुष्कळ.

यंत्रणा बंद करावी. प्रत्येक डिस्क कोणत्या खणात होती ते तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावे, अनुक्रमांक नोंदवावेत आणि पडद्यावर आलेल्या संदेशांचे फोटो काढावेत. एवढेच.

'इनिशियलाइज' हे बटण दाबू नये. ते नवा ताफा बनवते आणि काही यंत्रणांत सगळ्या डिस्कवर शून्ये लिहू लागते. रीबिल्ड सुरू करू नये. ताफ्याबाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने आत घेऊ नये, कारण ती महिन्यांपूर्वीच बाहेर पडली असेल तर तिच्यावरचा मजकूर तेव्हाचा असतो. जुने आणि नवे तुकडे मिसळले की फाइलप्रणाली गोंधळते. मग कोणीतरी फाइलप्रणाली दुरुस्त करणारी आज्ञा देते, आणि ती आज्ञा मिसळलेला मजकूर हाच खरा मानून विसंगत दिसणाऱ्या हजारो नोंदी पुसून टाकते. दोन डिस्कच्या बिघाडातून सहज सावरला असता असा ताफा या तीन पायऱ्यांत कायमचा संपतो. लिनक्सवर चालणाऱ्या पेट्यांत त्याच डिस्क घेऊन नवा ताफा तयार करण्याचा मोहही घातक असतो. डिस्कचा क्रम चुकला आणि यंत्रणेने पॅरिटी नव्याने लिहायला घेतली, तर ती नेमकी खऱ्या डेटावर लिहिली जाते.

टकटक आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आत वाचनशीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. ते वाकले असेल तर प्रत्येक फेरीत तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, त्यामुळे तो कधीही ऐकू नये.

आधी प्रती

डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत ताफा पोचला की पहिले काम प्रती घेण्याचे. प्रत्येक डिस्क वेगळी काढून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा साधनामार्फत, सेक्टरवार दुसऱ्या डिस्कवर उतरवतात. पुढचे सगळे प्रयोग प्रतींवर होतात. प्रयोग फसला तर नवी प्रत घ्यायची. मूळ डिस्क कपाटात राहतात.

निरोगी डिस्कची प्रत काही तासांत होते. आजारी डिस्कशी सबुरीने वागावे लागते. अँटोनिओ दियाझ दियाझ यांनी लिहिलेले 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन कसे काम करते ते पाहिले की यातले शहाणपण कळते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडचणीची जागा आली की तिथे न थांबता उडी मारून पुढे जाते. सोपे सगळे हाती आले की मग मागे वळते आणि खराब भाग कडांकडून थोडा थोडा कुरतडत आणते. कोणता सेक्टर मिळाला, कोणता राहिला, याची नोंद एका फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी आधीची मेहनत वाया जात नाही. डिस्कचे उरलेले आयुष्य किती हे कोणालाच ठाऊक नसते. ते खराब सेक्टरशी झगडण्यात खर्च होण्याआधी चांगले सेक्टर वाचवून घ्यायचे असतात. प्रयोगशाळांकडची महागडी उपकरणे हेच काम जास्त नियंत्रणाने करतात. त्यांना एखादे निकामी शीर्ष बाजूला ठेवून उरलेल्या शीर्षांनी वाचता येते.

शीर्षच गेले असेल तर धूळविरहित कक्षात डिस्क उघडून, त्याच मॉडेलच्या दात्या डिस्कमधली शीर्षे बसवतात. हिरवे सर्किट बोर्ड जळाले असेल तर दुसऱ्या डिस्कचे बोर्ड नुसते लावून भागत नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी बोर्डावरच्या एका चिपमध्ये कारखान्यातच लिहिलेली असते, ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

हे सगळे किती दूरवर जाऊ शकते याचा दाखला १ फेब्रुवारी २००३ रोजी आकाशात भंगलेल्या कोलंबिया अंतराळयानाने दिला. टेक्सासमध्ये सापडलेल्या अवशेषांत ४०० मेगाबाइटची एक जळकी डिस्क होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीचे अभियंते जॉन एडवर्ड्स यांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा वाचवला आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एक गोष्ट पथ्यावर पडली होती. तो संगणक डॉस प्रणालीवर चालत होता. डॉस डेटा इकडेतिकडे विखरत नाही, आणि तबकडीचा खरवडलेला भाग नेमका रिकामा होता. एकट्या डिस्कवर डेटा सलग असल्याचा केवढा फायदा होतो, ते इथे दिसते. ताफ्यात हा फायदा मुळातच नसतो.

मांडणीचा शोध

चार डिस्कच्या चार प्रती हाती आल्या, पण नियंत्रक जळाला आहे आणि त्याने मांडणी कुठे लिहून ठेवली ते वाचता येत नाही, असे समजा. ही अवस्था म्हणजे पानांवर आकडे नसलेली, न बांधलेली पोथी चार गठ्ठ्यांत वाटून टाकावी तशी असते. एकही पान हरवलेले नाही, पण वाचता एकही अध्याय येत नाही. ५ मेगाबाइटचा एक फोटो ६४ किलोबाइटच्या ८० तुकड्यांत तुटून चार डिस्कवर विखुरलेला असतो आणि मध्ये मध्ये पॅरिटीचे तुकडे पेरलेले असतात.

चार प्रश्नांची उत्तरे हवी असतात. डिस्कचा क्रम काय? तुकड्याचा आकार किती? पॅरिटी कोणत्या दिशेने फिरते? आणि डेटा नेमका कितव्या सेक्टरपासून सुरू होतो? चार डिस्कचे क्रम २४ होतात, आठ डिस्कचे ४०,३२०. त्यांना तुकड्यांच्या आकारांनी आणि पॅरिटी फिरवण्याच्या रीतींनी गुणले की अंदाजाने उत्तर काढणे व्यर्थ ठरते. पण डेटा स्वतःच आपला पत्ता सांगत असतो.

विंडोजच्या एनटीएफएस फाइलप्रणालीत प्रत्येक फाइलची एक नोंद असते. ती सहसा एक किलोबाइटची असते, रोमन लिपीतल्या 'फाइल' या चार अक्षरांनी सुरू होते आणि तिच्यात तिचा स्वतःचा क्रमांकही असतो. अभियंता डिस्कच्या प्रतीत ही अक्षरे शोधतो. एका डिस्कवर ० ते ६३ क्रमांकाच्या नोंदी सलग मिळाल्या आणि पुढे एकदम तिसरेच आकडे आले, तर तुकडा ६४ किलोबाइटचा हे निश्चित झाले. मग ६४ व्या नोंदीचा शोध घ्यायचा. ती ज्या डिस्कवर सापडेल ती क्रमाने पुढची. तिथून १२८ वी नोंद, मग १९२ वी. असे आकडे धरत गेले की डिस्कचा क्रम उलगडत जातो आणि मालिकेत जिथे खंड पडतो तिथे पॅरिटी असल्याचे कळते.

पॅरिटीचा तुकडा ओळखण्याची आणखी एक खूण आहे. चार डिस्कच्या रेड-५ मध्ये प्रत्येक ओळीत डेटाचे तीन तुकडे असतात. एकच अक्षर स्वतःशी तीनदा एक्सॉर केले तर तेच अक्षर उरते. म्हणून पॅरिटीच्या तुकड्यातही ती चार अक्षरे दिसतात, पण खाली फाइलींची नावे आणि तारखा वाचायला गेले तर सगळे गिचमिड. पाच डिस्क असतील तर डेटाचे तुकडे चार, आणि चारदा एक्सॉर केले की अक्षरे पुसली जाऊन शून्ये उरतात. फाइलींमधल्या साध्या मजकुराच्या भागातही हेच दिसते. तीन तुकड्यांत वाचता येणारी अक्षरे आणि चौथ्यात अर्थहीन चिन्हे असली की चौथा तुकडा पॅरिटीचा.

आधीच ताफ्याबाहेर पडून मागे राहिलेली, म्हणजे शिळी, डिस्क कोणती, हाही प्रश्न एक्सॉरच सोडवतो. रेड-५ च्या सगळ्या डिस्क हाताशी असतील तर कोणत्याही जागेचे सेक्टर घेऊन त्यांचे एक्सॉर केले की उत्तर शून्य यायला हवे. डिस्कचा क्रम माहीत नसला तरी ही परीक्षा घेता येते, म्हणून ती फार मोलाची आहे. बहुतेक जागी शून्य आणि काही भागांत भलतेच काही आले, तर एक डिस्क मागे राहिली आहे. ती बाहेर पडल्यानंतर जे जे बदलले, तिथे तिथे हिशेब जुळत नाही. मग अशा जागांतला मजकूर उघडून पाहतात. कोणत्या डिस्कवरच्या नोंदी एका ठराविक तारखेपुढे जातच नाहीत, ते शोधतात आणि ती डिस्क सोडून देतात. तिच्या वाटणीचा मजकूर उरलेल्यांच्या पॅरिटीतून निघतो. लिनक्सच्या ताफ्यात हे आणखी सोपे असते. प्रत्येक डिस्कच्या नोंदीत घडामोडींचा एक मोजणी-आकडा असतो, आणि ज्या डिस्कचा आकडा मागे पडला ती शिळी.

चारही उत्तरे मिळाली की प्रती सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडतात, ताफा फक्त वाचता येईल असा उघडतात आणि परीक्षा घेतात. परीक्षेसाठी मोठी फाइल निवडतात, कारण काही किलोबाइटची छोटी फाइल एकाच तुकड्यात मावते आणि क्रम चुकला तरी बरोबर उघडते. २० मेगाबाइटचा फोटो वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसला तर मांडणी बरोबर. मध्येच पट्टे सरकले किंवा रंग फाटले, तर एखादे उत्तर चुकले आहे. सगळे जुळले की डेटा तिसऱ्याच साठवणीवर उतरवून घेतात.

जिथे हात टेकावे लागतात

काही हानी भरून येत नाही. रेड-० मधली एक डिस्क खरोखर नष्ट झाली, किंवा रेड-५ मधल्या दोन, तर गणिताला आधार उरत नाही. एखादी छोटी फाइल एखाद्या तुकड्यात पूर्ण मावलेली सापडेल, तेवढीच. तबकडीचा थर गोलाकार खरवडला गेला असेल तर त्या वर्तुळातला डेटा आता धूळ झालेला असतो. ज्यावर दुसरे काही लिहिले गेले, तो आधुनिक डिस्कवरून परत येत नाही. सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा ती जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला सांगते आणि ड्राइव्ह ती आतून रिकामी करतो. ताफा कूटबद्ध असेल आणि किल्ली हरवली असेल, तर सगळे तुकडे क्रमाने लागूनही वाचता काही येत नाही.

प्रामाणिक प्रयोगशाळा हे आधी तपासून सांगते आणि मगच पुढच्या कामाचा अंदाज देते. डिस्क न पाहताच शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे.

आधीच करायची कामे

१२ डिसेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या कर-कार्यालयाची साठवण-यंत्रणा कोसळली. तिच्यात सुमारे ८०० डिस्क होत्या, त्यातल्या फक्त १२ निकामी झाल्या. तरीही बहुतेक सगळ्या सेवा बंद पडल्या. जून २०१७ मध्ये कार्यालयाने स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. प्रकाशतंतूंच्या केबलवर ताण होता, आधीच्या महिन्यांत यंत्रणा इशारे देत होती, आणि पुन्हा उभे राहण्यासाठी लागणारी साधने ज्या यंत्रणेत ठेवली होती तीच यंत्रणा पडली. करदात्यांचा डेटा मात्र सुखरूप परत मिळाला. आपल्या कर्मचाऱ्यांपुढे आणि नागरिकांपुढे असा अहवाल ठेवणे ही मोठी गोष्ट आहे. त्यातून इतरांना शिकता येते.

या बिघाडाच्या पुढच्याच महिन्यात, ३१ जानेवारी २०१७ रोजी, गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तरतुदी होत्या आणि हव्या त्या वेळी त्यातली एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने कंपनी सावरली. इथे एकही डिस्क बिघडली नव्हती. पुसण्याची आज्ञा ताफा सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानाने पाळतो. खंडणीखोर व्हायरस, आग, पूर, चोरी यांच्यापुढेही पॅरिटी काही करू शकत नाही.

म्हणून ताफ्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की डिस्क गेली तरी काम थांबू नये. डेटा टिकवण्याचे काम बॅकअपचे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम छोट्या कचेरीलाही झेपतो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. भारतात कंपन्यांसाठी तर हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज देशातल्या सर्व्हरवर ठेवणे २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे. ज्या व्यवसायांना हा नियम लागू नाही त्यांनीही तो पाळावा, इतका तो शहाणपणाचा आहे.

ताफ्याची निगा राखायला वेळ फार लागत नाही. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पूर्ण वाचून पाहण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते. तिला स्क्रब म्हणतात, ती सुरू करावी म्हणजे दबलेले खराब सेक्टर पॅरिटी शाबूत असतानाच सापडतात आणि दुरुस्त होतात. डिस्क शक्य तितक्या वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्यांतल्या घ्याव्यात. मोठ्या डिस्कसाठी रेड-५ ऐवजी रेड-६ घ्यावे. एक कोरी डिस्क कपाटात तयार ठेवावी. इशाऱ्याची ई-मेल आज नोकरीवर असलेल्या दोन माणसांकडे जाते ना, हे एक खोटा इशारा पाठवून पाहावे. आणि रीबिल्ड सुरू करण्याआधी बॅकअप ताजा करावा, कारण ताफ्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ तोच असतो.

यातली दोन कामे याच आठवड्यात करण्यासारखी आहेत. बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातल्या फाइली उघडून पाहाव्यात. गिटलॅबमध्ये नेमकी हीच परीक्षा राहून गेली होती. दुसरे काम कागदावरचे. ताफा कोणत्या प्रकारचा, डिस्क किती आणि कोणत्या खणात कोणत्या क्रमांकाची, तुकड्याचा आकार काय, फाइलप्रणाली कोणती, कूटबद्ध असेल तर किल्ली कोणाकडे, एवढे एका पानावर लिहून ते पेटीपासून दूर ठेवावे. प्रयोगशाळेतला अभियंता पहिल्याच भेटीत हेच प्रश्न विचारतो. आज उत्तरे लिहायला अर्धा तास लागतो. ताफा कोसळल्यावर तीच उत्तरे डिस्कमधून खणून काढायला कुशल माणसाचे कित्येक दिवस आणि मालकाचे बरेच पैसे लागतात.